सहसंबंध काढताना या चुका टाळा

"ताण वाढला की झोपही वाढते, असं आलंय." एका विद्यार्थिनीने तक्ता पुढे ठेवला. चाळीस जणांची माहिती, आर = ०.३४ (आर म्हणजे सहसंबंध गुणांक: दोन गोष्टी किती सोबत बदलतात ते −१ ते +१ मध्ये सांगणारा आकडा), शेजारी सार्थकतेचा तारा, म्हणजे असा आकडा निव्वळ योगायोगाने येणं अवघड असल्याची खूण. चर्चेचं प्रकरणही लिहून झालं होतं: ताणापासून सुटका म्हणून लोक जास्त झोपत असावेत, असं काहीसं. आम्ही मूळ फाइल उघडली आणि झोपेच्या तासांचा रकाना चढत्या क्रमाने लावला. शेवटच्या दोन ओळींत ९९ होतं. दोघांनी तो प्रश्न सोडून दिला होता. नोंद करताना 'उत्तर नाही' म्हणून ९९ टाकलं आणि ते सॉफ्टवेअरला सांगायचं राहून गेलं. नेमका त्या दोघांचा ताण बराच जास्त होता. त्या दोन ओळी वगळल्या आणि गुणांक ऋण झाला.

तेव्हापासून माझा आग्रह असतो: आर काढण्याआधी प्रत्येक रकान्याची किमान आणि कमाल किंमत बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

सहसंबंध गायब झालाय? आधी उलटी विधानं तपासा

अपेक्षित संबंध सापडत नाही तेव्हा विद्यार्थी सिद्धांतावर शंका घेतात. दोष बहुतेक वेळा गुणांकनात सापडतो. रोझेनबर्गची आत्मसन्मान मापनी घ्या. दहा विधानं, त्यांतली पाच होकारार्थी आणि पाच नकारार्थी. प्रत्येकाला १ ते ४ गुण दिले आणि नकारार्थी विधानं उलटवली नाहीत (म्हणजे ४ चे १, ३ चे २ असे गुण फिरवले नाहीत), तर काय होतं ते मांडून बघा. स्वतःबद्दल उत्तम मत असलेली व्यक्ती पाच विधानांना ४ आणि पाचांना १ देते, बेरीज २५. स्वतःला कमी लेखणारी व्यक्ती पाचांना १ आणि पाचांना ४ देते, बेरीज पुन्हा २५! दोन टोकांची माणसं एकाच आकड्यावर आली. आता हा आकडा कशाशीही जोडला तरी हाती काय लागणार?

आकड्याआधी चित्र

फ्रान्सिस अँस्कोम यांनी १९७३ मध्ये चार छोटे संच मांडले. प्रत्येकात अकरा बिंदू, सरासऱ्या जवळपास सारख्या, आणि चारही संचांत आर सुमारे ०.८२. आलेख काढल्यावर मात्र एकात सरळ कल दिसतो, दुसऱ्यात स्वच्छ वक्र. तिसऱ्यात एक भरकटलेला बिंदू रेषेला ओढतो, आणि चौथ्यात तर सगळा सहसंबंध एकट्या बिंदूच्या जिवावर उभा असतो.

वक्राचा मुद्दा मानसशास्त्रात फार महत्त्वाचा आहे. पिअर्सनचा आर, म्हणजे आपण नेहमी काढतो तो गुणांक, फक्त सरळ रेषेतला संबंध मोजतो. उद्दीपन (मनाची-शरीराची उत्तेजित अवस्था) आणि कामगिरी यांचा संबंध उलट्या यू आकाराचा असल्याचं नेहमी सांगितलं जातं. ही मांडणी यर्क्स आणि डॉडसन यांच्या १९०८ च्या प्रयोगांशी जोडली जाते. असा आकार खरोखर असेल तर चढ आणि उतार एकमेकांना खातात, आर शून्याजवळ येतो आणि आपण 'संबंध नाही' असं लिहून मोकळे होतो. म्हणून स्कॅटर प्लॉट (प्रत्येक व्यक्तीसाठी एक बिंदू असलेला आलेख) आधी, गुणांक नंतर. बिंदू वाकलेले पण एकाच दिशेने जाणारे असतील, किंवा माहिती क्रमांकांच्या स्वरूपात असेल, तर क्रमांकांवरून काढला जाणारा स्पिअरमनचा गुणांक वापरा. उलट्या यूला मात्र तोही पुरत नाही.

तारा म्हणजे ताकद नव्हे

हजार जणांच्या नमुन्यात ०.०७ इतका आरही सार्थक ठरतो. त्याचा वर्ग केला तर अर्धा टक्कासुद्धा सामाईक विचरण (दोन्ही मापनांतला समान चढउतार) भरत नाही. उलट तीस जणांत ०.३५ आला, तर ९५ टक्के विश्वासांतर (खरा आर ज्या टप्प्यात असावा असा अंदाज) साधारण −०.०१ पासून ०.६३ पर्यंत पसरतं. म्हणजे संबंध जवळपास नाही, इथपासून चांगला भक्कम आहे, इथपर्यंत काहीही शक्य. अहवालात हे अंतर द्या. नुसत्या ताऱ्याने वाचकाला काहीच कळत नाही.

आणि ०.६ हा ०.३ च्या दुप्पट बळकट, असंही म्हणू नका. वर्ग केल्यावर ३६ टक्के आणि ९ टक्के होतात.

कारण शोधण्याची घाई

'सहसंबंध म्हणजे कार्यकारण नव्हे' हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. तरीही निष्कर्षात 'मोबाइलच्या अतिवापरामुळे नैराश्य वाढते' असं उतरतंच. 'मुळे', 'परिणाम', 'प्रभाव' हे शब्द आपल्या प्रबंधात शोधून बघा. एकाच वेळी प्रश्नावली भरून घेतली असेल, तर खिन्न माणूस मोबाइलकडे वळला की मोबाइलमुळे खिन्न झाला, हे तुमची माहिती सांगू शकत नाही. एकटेपणाने दोन्ही वाढवलं असण्याचीही शक्यता आहे.

याहून कमी लक्षात येणारी चूक प्रश्नांतच दडलेली असते. नैराश्याच्या अनेक प्रश्नावल्यांत झोपेचा प्रश्न असतो. तिचे गुण निद्रानाशाच्या मापनीशी जोडले, की थोडाफार सहसंबंध तिथेच तयार होतो, कारण तीच तक्रार दोन्हीकडे मोजली गेली. तो एक प्रश्न काढून आर पुन्हा काढा आणि दोन्ही आकडे छापा.

गुणांक अपेक्षेपेक्षा लहान आला, तर आणखी दोन गोष्टी बघा. निवड परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांचेच गुण घेतले असतील, तर पट्टा अरुंद होतो आणि आर सहसा घटतो. मापनीची विश्वसनीयता (तिचे गुण किती सुसंगत येतात ते) कमी असली तरी तेच होतं: खरा संबंध ०.५ आणि दोन मापनींची विश्वसनीयता ०.७ व ०.६ असेल, तर हाती सुमारे ०.३२ येतो.

शेवटी, मोठ्या तक्त्यातून तारे वेचू नका. दहा चलांच्या (मोजलेल्या गोष्टींच्या) ४५ जोड्या होतात. एकही संबंध खरा नसला तरी ०.०५ पातळीवर (म्हणजे शंभरात पाच वेळा योगायोगाने तारा लागू शकतो अशा कसोटीवर) सरासरी दोनेक जोड्यांना तारा लागतो. कुठल्या जोड्या तपासणार ते आधी लिहून ठेवा, आणि सगळ्या तपासल्या असतील तर ४५ हा आकडा अहवालात द्या.