केकच्या आठवड्यात ब्राऊन शुगर मऊ करण्याची तयारी

डिसेंबर लागला की नौपाड्यातल्या आमच्या घरात प्लम केकची गडबड सुरू होते, आणि मी सगळ्यात आधी फळीवरून काढते ती ब्राऊन शुगरची बरणी. काजू-मनुका राहिले तर जांभळी नाक्यावरून तासाभरात आणता येतात. कडक झालेली साखर मात्र आयत्या वेळी नीट मऊ होत नाही. केक शनिवारी करायचा असेल तर बरणी गुरुवारीच उघडा.

चमचा खुपसून बघा. आत गेला तर काहीच करायला नको. बरणी पालथी केली तरी गोळा जागचा हलत नसेल, तरी टाकून देऊ नका, ती खराब झालेली नाही. ब्राऊन शुगर म्हणजे साखरेचे दाणे आणि त्यांच्यावर मळीचा, म्हणजे मोलॅसिसचा, पातळ थर. हा थर ओलसर असतो तोवर दाणे सुटे राहतात. त्यातलं पाणी उडालं की एकमेकांना धरून बसतात. गेलंय ते फक्त पाणी, आणि ते परत देता येतं. आंबूस वास येत असेल किंवा बुरशी दिसली, तरच फेका.

पाणी परत द्यायला माझा भरवसा पणतीवर आहे. दिवाळीत आणलेल्यांपैकी एक कोरी पणती मी दरवर्षी बाजूला ठेवते. रंगवलेली चालत नाही, तेल लागलेली तर नाहीच. ती धुऊन पंधरा-वीस मिनिटं पाण्यात बुडवायची. सुरुवातीला तिच्यातून बारीक बुडबुडे येत राहतात. मग बाहेर काढून फडक्याने चांगली पुसायची, कारण थेंब गळला तर तेवढ्या जागी साखरेचा पाक होतो. साखरेवर ठेवून झाकण घट्ट लावायचं. भिजलेली पणती गडद विटकरी दिसते. सकाळी तिच्या कडा फिकट झालेल्या दिसल्या की समजायचं, साखरेने पाणी ओढून घेतलं. मग काट्याने दाबलं की गोळा ओल्या रेतीसारखा ढासळतो. मोठ्या गोळ्याला दोन रात्री लागतात, म्हणून गुरुवार म्हटलं.

पणती नसेल तर पावाची एक स्लाइस किंवा सफरचंदाची फोड ठेवा. तेही काम होतं, फक्त दुसऱ्या दिवशी आठवणीने काढा. आपल्याकडच्या दमट हवेत पावाला बुरशी यायला वेळ लागत नाही.

मायक्रोवेव्हचा उपाय सगळ्यांना ठाऊक असतो: काचेच्या भांड्यात कपभर साखर, वर ओला करून घट्ट पिळलेला पेपर नॅपकिन, आणि वीस-तीस सेकंदांच्या फेऱ्या. मऊ होते, पण गरम असेपर्यंतच. गार झाली की पुन्हा आवळते. कॅरॅमल सॉस किंवा पाक करायचा असेल तर खुशाल करा. बटरबरोबर फेटायच्या साखरेला हा उपाय नको. एका वर्षी घाईत मी अशी कोमट साखर बटरमध्ये घातली. बटर वितळलं, फेटताना हवा धरलीच नाही आणि दोन्ही केक बसले. ते शेजारच्या आजोबांच्या पंच्याहत्तरीसाठी होते. मला अजून वाईट वाटतं.

गोळा मिक्सरमध्ये टाकू नका, पात्याला धक्का बसतो. खलबत्त्यात कुटला तर खडे बारीक होतात, मऊ होत नाहीत, आणि भाजलेल्या केकमध्ये त्या जागी चिकट डाग दिसतात. वजन साखर मऊ झाल्यावरच करा. कपाने मोजत असाल तर दाबून भरा. दाबून भरलेला कप साधारण 200 ते 220 ग्रॅम होतो.

शुक्रवारी रात्रीपर्यंत काहीच जमलं नाही तर 200 ग्रॅम साध्या साखरेत एक मोठा चमचा काकवी घालून बोटांनी चोळा, सगळ्या दाण्यांना रंग लागेपर्यंत. चव थोडी सौम्य लागते, केक उत्तम होतो.

उरलेली साखर पाकिटाला रबर लावून ठेवायची नाही. रबरी कडीच्या झाकणाची बरणी घ्या, किंवा झिपलॉक पिशवीतली हवा पूर्ण दाबून काढा. ओव्हनच्या वरची फळी नको, फ्रिजही नको, कारण तिथली हवा कोरडी असते. खूपच साठा असेल तर हवाबंद करून फ्रीझरमध्ये चालते; वापरायच्या आधी काही तास बाहेर काढून ठेवा, पण न उघडता. मुंग्यांना काकवीचा वास लांबून लागतो, तेव्हा बरणीचा काठ पुसूनच झाकण लावा.

बरणीतली पणती कोरडी झाली की मी पुन्हा भिजवते. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की मात्र तिला बाहेर काढते, कारण तेव्हा ही साखर गुळासारखीच पाघळायला लागते. ती परत आत जाते ती दिवाळी झाल्यावर.