घरच्या कढईत माद्रिदचे पातातास ब्रावास

हॉटेलच्या मेन्यूत 'स्पॅनिश पोटॅटो' वाचून मागवावं, तर बहुतेक वेळा जाड कापलेल्या फ्रेंच फ्राइज येतात आणि त्यांच्यावर केचप-मेयोनीजची नक्षी. खायला वाईट नसतं ते, पण त्याला पातातास ब्रावास म्हणायचं जिवावर येतं. तिखट सॉस घातलेल्या तळलेल्या बटाट्यांचा हा पदार्थ माद्रिदचा, विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तिथल्या बारमध्ये रुजलेला. खऱ्या ब्रावास सॉसमध्ये टोमॅटो नसतोच, असं माद्रिदकर ठासून सांगतात. सॉसचा विटकरी रंग येतो तो पिमेंतोनमुळे, म्हणजे तिथल्या लाल मिरचीच्या पुडीमुळे.

बाकीच्या स्पेनमध्ये टोमॅटो घालणारेही पुष्कळ आहेत. बार्सेलोनाच्या सारिया भागातल्या 'बार तोमास'मध्ये बटाट्यांवर आलिओली, म्हणजे लसूण आणि तेल घोटून केलेला पांढरा दाट सॉस, आणि तिखट तेल येतं. माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकाजवळचा 'लास ब्रावास' बार आपल्या सॉसच्या पेटंटची पाटी अभिमानाने मिरवतो. शहराच्या किंताना भागातला 'दोकामार' १९६३ पासून चालू आहे आणि सॉस बाटलीत भरूनही विकतो. दोघांच्याही पाककृती गुप्त. खाली दिलेली पद्धत माद्रिदच्या वळणाची आहे. बार्सेलोनाचं आलिओली आवडणाऱ्यांसाठी तेही दिलंय.

चौघांना खायला आणि थोडं 'अजून आहे का?' विचारायला पुरेल एवढं हे प्रमाण आहे. भिजवणं धरून दीड तास लागतो.

आधी बटाटा

बटाटे एक किलो घ्या, आणि ते जुने घ्या. नखाने साल निघणारा नवा बटाटा पाणचट असतो. तो तळताना रंग पकडतो, पण पाच मिनिटांत मऊ पडतो. चिप्ससाठी वेगळे बटाटे ठेवणारा भाजीवाला ओळखीचा असेल तर तेच मागा. कुफ्री चिप्सोना जातीचा बटाटा तर तळण्यासाठीच काढलेला आहे. त्यात साखर कमी आणि पिठूळपणा जास्त.

साखरेचं काय ते सांगतो, कारण घरचे तळलेले बटाटे बाहेरून काळपट आणि आतून कच्चे राहण्याचं निम्मं कारण तेच असतं. बटाटा फार थंडीत राहिला की त्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते. कोल्ड स्टोरेजमधून नुकताच बाहेर आलेला बटाटा किंवा आपण फ्रिजमध्ये ठेवलेला बटाटा तेलात पडला की ही साखर आधी करपते. असे बटाटे आणले असतील तर आठ-दहा दिवस टोपलीत, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. साखर बरीच उतरते. आणि बटाटे फ्रिजमध्ये ठेवूच नका, तळायचे असोत की भाजीचे.

साल काढून मोठ्या फोडी करा, साधारण अडीच-तीन सेंटिमीटरच्या. अगदी चौकोनी, मापात बसवलेल्या नकोत. वेड्यावाकड्या फोडींना कडा जास्त असतात, कडा कुरकुरीत होतात आणि खाचाखोचांत सॉस अडकतो. फक्त एक फोड बोराएवढी आणि एक लिंबाएवढी असं होऊ देऊ नका. फोडी थंड पाण्यात अर्धा तास ठेवा, पाणी एकदा बदला. गढूळ पाण्याबरोबर वरचा स्टार्च आणि थोडी साखर निघून जाते. मग चाळणीत निथळून सुती पंचावर पसरा आणि कोरड्या करा. अगदी कोरड्या. ओल्या फोडी तेलात टाकल्या तर तेल अंगावर येतं, शिवाय त्याचं तापमान धाडकन उतरतं.

फोडी भिजतात तोवर सॉस

लागेल ते काढून ठेवा: ऑलिव्ह तेल चार पोह्याचे चमचे, एक मध्यम कांदा, लसणीच्या दोन पाकळ्या, मैदा दीड पोह्याचा चमचा, गोडसर पिमेंतोन एक पोह्याचा चमचा, तिखट पिमेंतोन एक चहाचा चमचा, गरम भाज्यांचा स्टॉक ३५० मिली, व्हिनेगर एक चहाचा चमचा, मीठ. माद्रिदमध्ये स्टॉक बऱ्याचदा चिकनचा किंवा हॅमच्या हाडाचा असतो. घरी गाजर, कांदा, सेलरीचा दांडा आणि चार मिरे उकळून घेतलेलं पाणी छान चालतं. नुसत्या पाण्यात मात्र सॉस पोरका लागतो.

पिमेंतोनबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. सगळ्यात नावाजलेलं पिमेंतोन येतं ते स्पेनच्या पश्चिमेकडच्या एस्त्रेमादुरातल्या ला व्हेरा खोऱ्यातून. मिरच्या पिकतात तेव्हा तिथे शरदाचा पाऊस सुरू झालेला असतो, उन्हात वाळवायची सोय नसते. म्हणून धूरघरात खाली ओकची लाकडं पेटवतात आणि वर पसरलेल्या मिरच्या दहा-पंधरा दिवस धुरावर वाळवतात. रोज हाताने खालीवर करतात. मग दळतात. त्या धुराचा वास पुडीत कायमचा बसतो. ती गोड, आंबटगोड आणि तिखट अशा तीन प्रकारांत मिळते. मुर्सियाकडचं पिमेंतोन उन्हात वाळवलेलं, बिनधुराचं. आपल्याकडे मोठ्या दुकानांत आणि ऑनलाइन 'स्मोक्ड पॅप्रिका' नावाने मिळतं ते ला व्हेराच्या जातकुळीतलं.

ते नसेल तर? रंगासाठी बेडगीचं तिखट पोह्याचा पाऊण चमचा आणि झणक्यासाठी नेहमीचं तिखट चिमूटभर घ्या, आणि तयार सॉसला कोळशाचा धूर द्या: पातेल्यात वाटी ठेवा, वाटीत फुललेला निखारा, त्यावर तेलाचा थेंब, वर झाकण, तीन मिनिटं. चव तीच येत नाही, पण त्या दिशेची येते. मिरची काय आणि बटाटा काय, दोन्ही अमेरिका खंडांतून युरोपमार्गेच आपल्या किनाऱ्याला लागले, तेव्हा बेडगी वापरल्याचा अपराधीपणा बाळगायचं कारण नाही. जिरं, हळद, चाट मसाला यांना मात्र आज सुट्टी द्या. ते घातलं की छान बटाटे होतील, पण मग स्पेनचं नाव कशाला?

आता कृती. जाड बुडाच्या पातेल्यात तेल गरम करून बारीक चिरलेला कांदा टाका, चिमूटभर मीठ घाला आणि मंद आचेवर दहा-बारा मिनिटं परता. कांदा लाल करायचा नाही. तो पारदर्शक, लुसलुशीत आणि गोड व्हायला हवा. कडा तपकिरी दिसायला लागल्या तर आच जास्त झालीय. ठेचलेला लसूण घालून आणखी मिनिटभर. मग मैदा भुरभुरवा आणि कच्चा वास जाईपर्यंत दोन मिनिटं हलवत राहा.

यानंतरचं अर्धं मिनिट सगळ्यात महत्त्वाचं. गॅस बंद करा, पातेलं खाली उतरवा आणि मगच पिमेंतोन घाला. फोडणीत तिखट करपलं की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. पिमेंतोन त्याहून हळवं आहे, कारण ते जास्त बारीक दळलेलं असतं. पातेल्याच्या उरलेल्या उष्णतेत ते ढवळा. आधी तेल केशरी होतं, मग पूर्ण मिश्रण ओल्या विटेच्या रंगाचं, आणि धुराचा एक गोडसर वास वर येतो. तो वास आला की थांबायचं. रंग चॉकलेटी होईपर्यंत वाट पाहिलीत तर सॉस कडू झालाच, साखर घालूनही तो सुधारत नाही. अशा वेळी टाकून द्या आणि पुन्हा करा, कांद्यापासून.

पातेलं परत गॅसवर ठेवून गरम स्टॉक थोडा थोडा ओता, प्रत्येक वेळी ढवळा म्हणजे गाठी होत नाहीत. मंद आचेवर पंधरा मिनिटं रटरटू द्या. व्हिनेगर शेवटी. शेरी व्हिनेगर मिळालं तर उत्तम, नाहीतर साधं चालेल. मिक्सरमध्ये गुळगुळीत फिरवून गाळणीतून गाळा. गरम सॉस फिरवताना भांडं अर्धंच भरा, नाहीतर झाकण उडतं. सॉस चमच्याच्या पाठीला चिकटून राहिला आणि त्यावर बोटाने ओढलेली रेघ मिटली नाही, की दाटपणा बरोबर. चव पाहा. आपल्या जिभेला तो सौम्य वाटेल. नाव 'ब्रावा' म्हणजे 'उग्र' असलं तरी कोल्हापुरी मिसळ खाणाऱ्याला घाम फुटेल असं यात काही नाही. तिखट वाढवायचं तर थोडंसंच वाढवा, नाहीतर धुराची आणि कांद्याची चव बुडते.

दोनदा तळा

स्पेनमध्ये घरोघरी तळणासाठी ऑलिव्ह तेल वापरतात. आपल्याकडे त्याचा भाव पाहता कढईभर ओतणं परवडायचं नाही, म्हणून तळायला सूर्यफुलाचं तेल आणि सॉसला ऑलिव्ह, अशी वाटणी मला ठीक वाटते. शेंगदाणा तेल नको, त्याचा स्वतःचा वास फार बोलतो.

पहिलं तळण १४० अंशांच्या आसपास. थर्मामीटर नसेल तर एक फोड टाकून पाहा: तिच्याभोवती बारीक बुडबुडे सावकाश, शांतपणे येत राहायला हवेत. चर्रकन आवाज आला तर तेल जास्त तापलंय, थांबा. दोन-तीन घाण्यांत आठ ते दहा मिनिटं तळा. रंग येऊ द्यायचा नाही. सुरीचं टोक सहज आत गेलं आणि फोड फुटली नाही की झाऱ्याने काढून जाळीवर पसरा. दिसायला त्या फिक्या आणि बिचाऱ्या दिसतात; घाबरू नका.

आता निदान वीस मिनिटं विश्रांती. आत शिजलेला बटाटा वाफ सोडतो आणि पृष्ठभाग कोरडा पडतो. पुढच्या तळणात कवच धरतं ते याच कोरड्या थरातून. पाहुणे संध्याकाळी येणार असतील तर हे काम सकाळी उरकून, गार झालेल्या फोडी फ्रिजमध्ये ठेवता येतात. शिजल्यावर फ्रिज चालतो.

दुसरं तळण १८५ ते १९० अंशांवर. पावाचा छोटा तुकडा तेलात टाकल्यावर पाऊण मिनिटात सोनेरी झाला की तेल तयार. इथे घाणा लहान ठेवा. दोन-तीन मिनिटांत फोडी खरपूस होतात; झाऱ्यात हलवल्या की एकमेकींवर आपटून खडखड आवाज येतो. काढा, जाळीवर निथळा आणि लगेच मीठ भुरभुरवा. मीठ आधी घातलं असतं तर त्याने पाणी ओढून काढलं असतं.

कमी तेलात करायचं असेल तर फोडी मिठाच्या पाण्यात सात-आठ मिनिटं उकडा, निथळा, थोडं तेल चोळा आणि ओव्हनमध्ये किंवा एअर फ्रायरमध्ये २०० अंशांवर रंग येईपर्यंत भाजा. खायला चांगले होतात, पण बारमधल्यासारखे नाहीत.

आलिओली, अंड्याशिवाय

जुनं आलिओली म्हणजे खलबत्त्यात लसूण आणि मीठ कुटून त्यात थेंब थेंब तेल घोटणं. हाताला रग लागते आणि ते फाटतंही पटकन. आजकाल बहुतेकजण अंडं घालतात. कच्चं अंडं नको असेल तर स्पेनमध्येच दुधाचा प्रकारही करतात, आणि तो शाकाहारी घरांसाठी अगदी सोयीचा आहे. उकळून गार केलेलं, साय काढलेलं दूध अर्धी वाटी, सूर्यफुलाचं तेल एक वाटी, लसणीची एक लहान पाकळी मधला हिरवा कोंब काढून, आणि मीठ. दूध आणि तेल दोन्ही एकाच, खोलीच्या तापमानाला हवं.

सगळं उंच, अरुंद भांड्यात घाला. हँड ब्लेंडर तळाला टेकवा आणि चालू करून वीसेक सेकंद अजिबात हलवू नका. खालून पांढरा दाट ढग वर चढताना दिसला की ब्लेंडर सावकाश वर उचला. लिंबाचे थेंब सगळं दाटल्यावरच. पातळ वाटलं तर दूध वाढवू नका, तेल वाढवा.

वाढताना

सॉस गरम, बटाटे त्याहून गरम. पसरट ताटलीत बटाटे, त्यांच्यावर सॉस ओता, पण पूर्ण बुडवू नका. काही फोडी कोरड्या राहिल्या की शेवटपर्यंत काहीतरी कुरकुरीत मिळत राहतं. आलिओली हवं तर वरून एक-दोन चमचे. काटेचमच्यांऐवजी टूथपिक खोचून द्या, तिथे बारमध्ये उभ्याउभ्या असेच खातात. सगळे बसल्यावरच दुसरं तळण करा, कारण सॉस पडल्यावर दहा मिनिटांत कुरकुरीतपणा ओसरतो.

उरलेला ब्रावा सॉस फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकतो, गरम करताना चमचाभर पाणी घालावं लागतं. आलिओली दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवा, कच्च्या लसणीचं असल्याने जास्त ठेवू नये. सॉस उकडलेल्या अंड्यांवर किंवा तव्यावर भाजलेल्या वांग्याच्या कापांवरही जमतो.