गर्दी नको वाटणाऱ्यांनी चांगल्या सवयी कशा लावाव्यात

‘चालायला सोबत घ्या, म्हणजे कंटाळा येणार नाही,’ हा सल्ला आपल्याकडे ज्याला त्याला मिळतो. अंतर्मुख माणसाचं चालणं मात्र बरेचदा त्या सोबतीमुळेच बंद पडतं. दिवसभर ऑफिसात बोलून डोकं जड झालेलं असतं, त्यात संध्याकाळी आणखी तासभर गप्पा. मग एक दिवस ‘आज पाय दुखतायत’ असा मेसेज जातो. पाय दुखत नसतात.

१. आधी सवय आणि माणसं वेगळी करा

आजवर सुरू करून सोडलेल्या गोष्टी कागदावर लिहा आणि प्रत्येकीपुढे तिथे कोण कोण होतं तेही लिहा. योगवर्ग आवडत होता, पण नंतरचा चहा-नाश्ता नको होता? मग वर्ग ठेवा, चहा सोडा. जिममध्ये जायचंच असेल तर दुपारी जा, त्या वेळी सहसा गर्दी नसते. हास्यक्लबची सुरुवात मुंबईतच, १९९५ साली डॉ. मदन कटारिया यांनी केली. ज्यांना तो मानवतो त्यांनी जरूर जावं. तुम्ही बागेच्या दुसऱ्या फाटकाने आत शिरलात तर काही बिघडत नाही.

२. एकट्याने जमेल असा व्यायाम निवडा

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, म्हणजे पाच दिवस अर्धा तास भरभर चालणं. वेग पुरेसा आहे का, हे ओळखण्याची खूण अशी: बोलता यावं, पण गाता येऊ नये. सोबत कुणी नसेल तर एखादी ओळ गुणगुणून पाहा. सहज गाता आली तर पाय उचला. शिवाय आठवड्यातून दोनदा स्नायू बळकट करणारा व्यायाम हवा. त्यासाठी घरच्या घरी जोर-बैठका पुरतात.

३. रोजच्या कामाला जोडा

‘सकाळचा चहा झाला की बूट घालायचे,’ इतकं साधं ठरवा. सवय २१ दिवसांत लागते हे विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका प्रसिद्ध अभ्यासात सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. नोंद कालनिर्णयवर फुली मारून ठेवा. पावलं मोजून एकमेकांना दाखवायच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये मात्र शिरू नका. तिथे चालण्यापेक्षा उत्तरं देण्यातच जास्त दमायला होतं.

४. एकांत रात्रीवर ढकलू नका

माझ्या मते खरी गोम इथेच आहे. दोन खोल्यांच्या घरात, टीव्ही आणि माणसांच्या राबत्यात, स्वतःचा असा वेळ सगळे झोपल्यावरच मिळतो. मग मोबाइल घेऊन एक वाजतो, सात तासांची झोप होत नाही आणि सकाळच्या चालण्यावर पाणी पडतं. आपण त्याला आळस म्हणतो. म्हणून एकांत आधीच मिळवा: एक स्टॉप अलीकडे उतरा, भाजी आणायचं काम स्वतःकडे घ्या, गच्चीवर वीस मिनिटं बसा. घरच्यांना मात्र आधी सांगा, ‘आल्यावर अर्धा तास द्या, मग बोलू.’ न सांगता खोलीचं दार लावलं की ‘काय झालं? कुणी काही बोललं का?’ सुरू होतं आणि तो अर्धा तासही जातो.

५. आग्रहाला तोंड द्या

पंगतीत ‘पोट भरलं’ कुणी ऐकत नाही. पहिल्यांदा थोडंच वाढून घ्या, सावकाश जेवा आणि आवडत्या पदार्थाला दुसऱ्यांदा हो म्हणा. वाढणाऱ्याचंही समाधान होतं.

६. माणसं पूर्ण तोडू नका

एखादा मित्र, आत्या, जुनी मैत्रीण, ज्यांच्याशी बोलून थकवा येत नाही, त्यांच्यासाठी आठवड्यातला एक फोन ठरवून ठेवा.

शांत राहणं आवडणं आणि माणसांची भीती वाटणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानात जायलाही छातीत धडधडत असेल, किंवा पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही आठवडेच्या आठवडे मन लागत नसेल, तर तो स्वभाव समजून बसू नका. डॉक्टरांना भेटा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येतं.