ब्लॅकबेरीच्या काड्यांची तारेवरील बांधणी : ऑगस्टअखेरची कामे

हा सल्ला अमेरिकेतील ओरेगन राज्याच्या विलामेट खोऱ्यात, विशेषतः पोर्टलंड, बीव्हरटन आणि हिल्सबरो परिसरात, परसबागेत ब्लॅकबेरी लावलेल्या मराठी बागायतप्रेमींसाठी आहे. ‘मॅरियन’सारख्या जमिनीवर पसरणाऱ्या जातींची तोडणी ऑगस्टच्या पूर्वार्धात आटोपते आणि मागे उरतो तो जुन्या-नव्या काड्यांचा काटेरी गुंता. पुढील वर्षीचे फळ या गुंत्यातील नेमक्या कोणत्या काड्यांवर येणार आहे हे ओळखल्याशिवाय त्याला कात्री लावू नये.

ब्लॅकबेरीचा जमिनीलगतचा गड्डा आणि मुळे अनेक वर्षे जगतात, परंतु जमिनीवरच्या काडीचे आयुष्य दोनच वर्षांचे असते. पहिल्या वर्षी ती केवळ वाढते, दुसऱ्या वर्षी तिच्या बगलफांद्यांवर फुले व फळे येतात आणि फळ देऊन झाल्यावर ती वाळून जाते. ज्यांनी नाशिक-सांगलीकडे द्राक्षबाग पाहिली आहे त्यांची येथे हमखास गफलत होते. द्राक्षाचे खोड व ओलांडे (तारेवरच्या कायमच्या आडव्या फांद्या) वर्षानुवर्षे टिकतात आणि एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, म्हणजे सगळ्या काड्या बुडाशी छाटल्यानंतर, तयार झालेली काडी ऑक्टोबरच्या फळछाटणीला उपयोगी पडते. ब्लॅकबेरीत मात्र जतन करावा असा ओलांडाच नसतो. त्यामुळे सरसकट खरड छाटणी केल्यास पुढच्या उन्हाळ्यातील संपूर्ण पीक हातचे जाते.

फळ देऊन गेलेली काडी तपकिरी-राखाडी व कडक असते, तिच्या बगलफांद्यांवर फळांचे वाळके देठ दिसतात आणि पानांना बहुधा तीन पर्णिका असतात. यंदा फुटलेली नवी काडी हिरवी किंवा जांभळट व लवचिक असते आणि तिच्या पानांत बहुधा पाच पर्णिका आढळतात. जुनी काडी जमिनीलगत कापावी, खुंट ठेवू नये, आणि ती अखंड ओढून काढण्याऐवजी सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) दोन-दोन फुटांचे तुकडे करत काढावी. अखंड ओढली की तिचे काटे नव्या काड्यांची साल सोलून काढतात. कापलेल्या काड्यांवर रोगांचे बीजाणू राहू शकतात, म्हणून त्या ओळीत पडू देऊ नयेत. हातात चामड्याचे लांब मोजे हवेत, कारण १९५६ मध्ये प्रसारित झालेली ‘मॅरियन’ चवीला कितीही सरस असली तरी काट्यांच्या बाबतीत निर्दय आहे. नव्याने लागवड करणाऱ्याने ‘कोलंबिया स्टार’ किंवा ‘ब्लॅक डायमंड’ या बिनकाटेरी जाती घ्याव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधारासाठी ८ फुटी खांब २ फूट गाडून वर ६ फूट ठेवावेत. एक तार खांबाच्या टोकाशी आणि दुसरी तिच्या खाली सुमारे दीड फुटावर ओढावी. काड्या चढवल्यावर बराच भार येतो, म्हणून टोकाच्या खांबांना तिरका टेकू द्यावा आणि तार बांधणीपूर्वीच ताणून घ्यावी.

बांधणीसाठी प्रत्येक गड्ड्यातील बारीक, मोडक्या व रोगट काड्या काढून उरलेल्यांचे दोन जुडगे करावेत, एक डावीकडे व एक उजवीकडे. जुडगा वरच्या तारेवरून नेऊन शेजारच्या झाडाच्या दिशेने साधारण निम्म्या अंतरापर्यंत न्यावा, तेथून खाली वळवून खालच्या तारेखालून परत झाडाकडे आणावा, म्हणजे दोन तारांभोवती लांबट वेढा तयार होतो. काडी एकदम वाकवू नये. हाताने मोठी कमान देत न्यावी, कारण कोवळी दिसणारी काडी बुंध्याशी चटकन मोडते. वेढा नीट बसला की सुतळीचे दोन-तीन सैल फास पुरेसे होतात. सगळ्या काड्या एकाच जागी करकचून बांधल्यास मधल्या डोळ्यांना (काडीवरील अंकुरांना) ऊन-वारा मिळत नाही आणि फळकूज वाढते, म्हणून जुडगा तारेवर थोडा पसरवून द्यावा.

ही बांधणी आताच करावी की फेब्रुवारीपर्यंत थांबावे, हा प्रश्न दरवर्षी पडतो. ऑगस्टअखेर बांधलेल्या काड्यांना शरदातील ऊन चांगले मिळते आणि उत्पादन अधिक येते, परंतु हिवाळ्यातील गोठवणारा वारा त्यांना थेट झोंबतो. जमिनीवर पडून असलेली काडी त्या मानाने सुरक्षित राहते. कोलंबिया नदीच्या घळीतून पूर्वेचा बर्फाळ वारा येतो, त्याच्या मार्गातील ट्राउटडेल, ग्रेशमकडच्या बागांत थांबणेच शहाणपणाचे ठरेल; घराच्या किंवा कुंपणाच्या आडोशाला असलेल्या बागेत आताच बांधावे. थांबायचे ठरल्यास काड्या तारेखाली अरुंद पट्ट्यात गोळा करून ठेवाव्यात, अन्यथा त्या गवत कापण्याच्या यंत्रात सापडतात. त्यांचे शेंडे मातीला टेकले की शरदात तेथेच मुळे फुटतात, म्हणून अधूनमधून ते उचलून पाहावेत.

तोडणी संपली म्हणून पाणी बंद करू नये. पाऊस सुरू होईपर्यंत ठिबकने आठवड्याला सुमारे एक इंच पाणी मिळाले पाहिजे. नत्रयुक्त खत मात्र आता देऊ नये, कारण त्यामुळे उशिरा कोवळी वाढ फुटते आणि तीच थंडीत आधी मरते.

कुंपणापलीकडून घुसणाऱ्या रानटी ‘हिमालयन’ ब्लॅकबेरीला तारेवर जागा देऊ नये. ल्यूथर बरबँक यांनी भारतातून मिळालेल्या बियांपासून १८८५ मध्ये ती या नावाने बाजारात आणली, पण तिचे मूळ हिमालयात नसून आर्मेनियाच्या बाजूचे आहे, आणि ओरेगनमध्ये तिची गणना उपद्रवी तणांत होते. तिचा गड्डा खणूनच काढावा.

‘ट्रिपल क्राउन’, ‘चेस्टर’ या अर्धताठ जातींना वरील वेढ्याची पद्धत लागू नाही. त्यांच्या नव्या काड्यांचा शेंडा सुमारे ५ फुटांवर उन्हाळ्यातच खुडतात आणि बगलफांद्या हिवाळ्यात आखूड करतात. पसरणाऱ्या जातींची बांधणी फेब्रुवारीवर ढकलली असल्यास ती डोळे फुगण्यापूर्वी पूर्ण करावी आणि त्यासाठी थंडी ओसरलेला दिवस निवडावा, कारण गोठलेली काडी वाकत नाही, तुटते.