आपत्तीत पोरकी झालेली मुलं आणि आपली मदत: या चुका टाळा

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. चार दिवसांनी शोधकार्य थांबवलं तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ माणसांचा पत्ताच नव्हता. वाडीतली काही मुलं आश्रमशाळेत राहायला होती, म्हणून वाचली. अशी बातमी आली की शहरातल्या ग्रुपांवर दोन मेसेज हमखास फिरतात. एक, 'त्यातलं एखादं मूल आम्हाला मिळेल का?' आणि दुसरा, 'आपल्या मुलांना घेऊन भेटायला जाऊ, त्यांनाही जरा कळू दे.' मेसेज टाकणाऱ्यांच्या मनात खोट नसते. पण दोन्हींत विचार चाललेला असतो आपल्या घराचा, त्या मुलाचा नाही. पुढच्या बहुतेक चुका तिथूनच निघतात.

'मूल आमच्याकडे द्या, आम्ही सांभाळतो'

मे २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत एक मेसेज देशभर फिरला: आईवडील गेलेत, दोन लहान मुलं आहेत, दत्तक घेणाऱ्याने या नंबरवर फोन करावा. हजारो भल्या माणसांनी तो पुढे ढकलला. शेवटी सरकारला इशारे द्यावे लागले आणि जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा दत्तक देणाऱ्या संस्था-व्यक्तींवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं. २०१० च्या भूकंपानंतर हैतीमध्ये एका अमेरिकी धार्मिक गटाने ३३ 'अनाथ' मुलं सीमेपार न्यायचा प्रयत्न केला. चौकशीत निघालं की बहुतेकांचे आईबाप जिवंत होते.

आपल्याकडे बाल न्याय कायदा २०१५ याबाबत स्पष्ट आहे. एकटं सापडलेलं मूल २४ तासांत बाल कल्याण समितीसमोर न्यावं लागतं. मूल दत्तक देण्यासाठी मोकळं आहे की नाही, ते समिती ठरवते. त्याआधी नातेवाइकांचा शोध घ्यावा लागतो आणि त्याला महिने लागतात. दत्तक हवं असेल तर 'कारा'च्या, म्हणजे केंद्राच्या दत्तक प्राधिकरणाच्या, पोर्टलवर नोंदणी करून रांगेत उभं राहायचं. आपत्तीग्रस्तांसाठी वेगळी खिडकी नाही. परस्पर मूल देणं-घेणं हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, मग देणारी सख्खी आत्या का असेना.

तेव्हा असा मेसेज आला तर तो पुढे न पाठवता १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा. एवढंच करायचं असतं, आणि नेमकं तेवढंच होत नाही.

'त्यांचं कुणीच नाही' असं गृहीत धरणं

खेड्यापाड्यात अगदी कुणीच नाही असं मूल क्वचित असतं. आजी असते, मामा असतो, थोरली बहीण नुकती लग्न होऊन शेजारच्या गावात गेलेली असते. माया असते, ऐपत नसते. अशा नातेवाइकाच्या हाताला बळ देणं ही सगळ्यात उपयोगाची मदत, आणि तिचा फोटो काही फारसा चांगला येत नाही.

राज्य सरकारची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना अशाच मुलांसाठी आहे. २०२३ मध्ये तिची रक्कम ११०० वरून वाढवून दरमहा २,२५० रुपये केली. पण अर्जाला कागद लागतात: आईवडिलांचे मृत्यूचे दाखले, रेशनकार्ड, आधार, शाळेचं बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक. घरच वाहून गेलं तर ट्रंकेतली कागदांची प्लास्टिकची पिशवी कुठून आणायची? आणि आईवडील 'बेपत्ता' असतील तर मृत्यूचा दाखलाच नसतो. तो मिळण्यासाठी शासनाच्या वेगळ्या आदेशाची वाट बघावी लागते. तोवर डोळ्यांदेखत पोरकं झालेलं मूल कागदावर अनाथ ठरत नाही.

अशा वेळी सत्तरीच्या आजीला गाडीत बसवून तहसील कचेरीत नेणारा, झेरॉक्स काढून देणारा, अर्जाची पोच मागून घेणारा माणूस हवा असतो. पोच घ्यायला विसरू नका. पोचेशिवाय दिलेला अर्ज हा दिलेलाच नसतो, हे सरकारी कचेरीत एकदा गेलेल्या कुणालाही सांगावं लागू नये.

सगळी रक्कम एका नातेवाइकाच्या हातात देणं

पैसे आले की आजवर न फिरकलेले काकाही मूल मागायला येतात. म्हणून रक्कम मोठी असेल तर मुलाच्या नावाने ठेव करा. कोरोनात दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र सरकारने पाच लाख रुपये दिले ते मुदत ठेवीतच. केंद्राच्या पीएम केअर्स योजनेतले दहा लाखही मूल २३ वर्षांचं झाल्यावर हातात येतात. महिन्याचा खर्च लहान रकमेत, ठरल्या तारखेला. आणि कशासाठी, किती वर्षं देणार, हे पहिल्याच दिवशी सांगा. 'बारावीपर्यंत आम्ही आहोत' असं बोलून आठवीत हात काढून घेणारे खूप. त्यापेक्षा 'या वर्षीची फी' एवढंच कबूल करणारा परवडला.

किल्लारीचं उदाहरण इथे आठवायला हवं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने तिथली बाराशे मुलं शिकायला पुण्यात आणली. इकडे नळदुर्गला राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी पन्नालाल सुराणांच्या पुढाकाराने 'आपलं घर' उभं केलं, म्हणजे मुलांना आपल्या मुलखातच राहता आलं. मूल दूर न्यावं की जवळ ठेवावं यावर मतं वेगळी असू शकतात. माझं झुकतं माप नळदुर्गकडे. पण दोन्हीकडचं काम वर्षानुवर्षं चाललं. टीव्हीवरच्या बातम्या संपल्या, तरी ते संपलं नाही.

वाढदिवस आश्रमात

ही आता रीतच झाली आहे. पोराचा वाढदिवस, दोन किलोचा केक, पन्नास वह्या, आणि अनाथाश्रमाच्या हॉलमध्ये सतरंजीवर रांगेत बसलेली मुलं. ती 'हॅपी बर्थडे' म्हणतात, टाळ्या वाजवतात, कॅमेरा वर झाला की हसतात. रविवार असेल तर दुपारी दुसरं कुटुंब येतं आणि तीच मुलं तेच गाणं पुन्हा म्हणतात. त्यातल्या एखाद्या मुलीला विचारून बघा, तुझा वाढदिवस कधी असतो? आपत्तीत आई गेलेल्या मुलीसमोर दुसऱ्या आईने आपल्या लेकराला केक भरवायचा, आणि तिने टाळ्या वाजवायच्या, यात आपल्या मुलाला नेमकं काय शिकवायचं असतं?

वाढदिवसाचे पैसे जरूर द्या, पण न जाता. अधीक्षकांना फोन करून विचारा की या महिन्यात काय कमी पडतंय. उत्तर बहुधा किराणा, विजेचं बिल, चष्मे किंवा सॅनिटरी पॅड असं साधं येईल. तेच द्या.

फोटोचं तर कायद्यातच आहे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, चेहरा, शाळा उघड करायला बंदी आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्टेटसला टाकलेला फोटोसुद्धा उघड करणंच. फोटो हवाच असेल तर वह्यांच्या गठ्ठ्याचा काढा.

'तू ताटात टाकतोस, ती मुलं बघ'

घरातली ही सगळ्यात जुनी चूक. पुराची बातमी लावायची आणि भाजी न खाणाऱ्याला त्यावरून बोल लावायचे. मुलाला कळतं ते इतकंच की आपण गुन्हेगार आहोत. त्यातून दिलेलं खेळणं हे दान नसून दंड असतो. सहा-सात वर्षांच्या मुलासमोर वाहून जाणाऱ्या घराची तीच क्लिप दहादा फिरवली तर त्याच्या मनात मदत येत नाही, 'आपलं घर पडेल का?' हे येतं. त्या प्रश्नाला आधी नीट उत्तर द्या, मग मदतीचा डबा काढा.

परस्पर त्याची खेळणी उचलून देणं, हेही नको. आणि दिल्यावर बक्षीस नको. २०१८ च्या केरळच्या पुरात तमिळनाडूतल्या एका लहान मुलीने सायकलसाठी साठवलेले पैसे दिले, ही गोष्ट आपण मुलांना हौसेने सांगतो. मग एका कंपनीने तिला सायकल दिली, हेही सांगतो, आणि मुलांच्या लक्षात शेवटची सायकलच राहते. तिने पैसे दिले, इथे थांबलं तरी गोष्ट पुरी आहे.

शाळांनी वर्गावर्गांत चढाओढ लावू नये आणि कुणी किती दिले ते वाचून दाखवू नये. ज्याच्या घरी महिनाअखेर आहे तो त्या दिवशी पोटदुखीचं कारण सांगून गैरहजर राहतो. बंद पेटी ठेवा. मोजायला मात्र मुलांनाच बसवा; हिशोब फळ्यावर त्यांच्याच अक्षरात असू द्या.

मुलांकडून खरं काम करून घ्यायचं तर निवडानिवड सांगा. आलेलं प्रत्येक स्केचपेन रद्दीवर घासून बघायचं, सुकलेलं बाजूला. दप्तराची चेन तीनदा उघडायची-लावायची. कंपासमध्ये कर्कटक आहे का? अर्धी लिहिलेली वही परत. चौथीतली पोरं या कामात मोठ्यांपेक्षा कडक असतात, आणि 'हे मला दिलं तर चालेल का?' हा प्रश्न त्यांना शिकवावा लागत नाही.

जुने कपडे

थोडक्यात: पाठवू नका. २००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टिणमच्या रस्त्यांकडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडून होते, आणि ते उचलायला पुन्हा माणसं लावावी लागली. पहिलीपासून आठवीपर्यंत जिल्हा परिषद व अनुदानित शाळांत पाठ्यपुस्तकं सरकारकडून मोफत मिळतात, त्यामुळे तीही आधी मुख्याध्यापकांना विचारल्याशिवाय घेऊ नका. नववी-दहावीच्या पुस्तकांची मात्र बहुतेकदा खरंच गरज असते.

क्यूआर कोड दिसला की पैसे

मार्च २०२० मध्ये पीएम केअर्सच्या नावाने खोटे यूपीआय आयडी निघाले. खऱ्यात 'केअर्स' होतं, एका खोट्यात 'केअर'. फरक एका अक्षराचा. फॉरवर्डमधून आलेला कोड स्कॅन न करता निधीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच पैसे भरा, भरताना खातेदाराचं नाव वाचा, पावती घ्या. रोख देणगी २,००० रुपयांच्या वर गेली तर करसवलत मिळत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

हे सगळं तुमच्या दहा वर्षांच्या मुलीला शेजारी बसवून करा. संस्थेचा नोंदणी क्रमांक तिला शोधू द्या, फोनवर प्रश्न तिला विचारू द्या. समोरचा लहान मुलीच्या प्रश्नाला नीट उत्तर देत नसेल, तर तिथे पैसे देऊ नका.