बुक केलेल्या बिल्डिंगचं काम कुठवर आलंय हे कसं बघायचं

आमचा फ्लॅट पुण्याजवळ रावेतला, बुक केला तेव्हा तिथे नुसता खड्डा होता. सुरुवातीला मी दर रविवारी जाऊन गेटवरनं मान वर करून बघून यायचो आणि मजले वाढलेले दिसले की खूश. नंतर कळलं की रस्त्यावरनं फक्त उंची दिसते, काम किती झालं ते वेगळंच बघावं लागतं.

पहिलं म्हणजे महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नंबर. जाहिरातीवर क्यूआर कोड असतो (१ ऑगस्ट २०२३ पासून बंधनकारक आहे), तो स्कॅन केला की प्रोजेक्टचं पान उघडतं. बिल्डरला दर तीन महिन्यांनी तिथे माहिती अपडेट करावी लागते, पण बहुतेक जण फक्त पझेशनची तारीख बघून बंद करतात. तुम्ही आर्किटेक्टचं सर्टिफिकेट उघडा, फॉर्म १ म्हणतात त्याला. त्यात विंगप्रमाणे खोदाई, जोतं (प्लिंथ), स्लॅब, आतल्या भिंती, प्लास्टर अशी एकेका कामाची टक्केवारी असते. ते डाउनलोड करून तारीख टाकून ठेवा, म्हणजे पुढचं आलं की शेजारी ठेवून बघता येतं काय हललं आणि काय तिथेच आहे.

साइटवर गेलात की दर वेळी एकाच जागेवरनं फोटो काढा, मी समोरच्या विजेच्या खांबाजवळ उभा राहायचो. महिन्यातनं एकदा पुरे.

आता स्लॅब मोजायचं. इथे माझा बराच गोंधळ झाला होता. खाली पार्किंग असेल तर पार्किंगवरचा स्लॅब तो पहिला, म्हणजे पहिल्या मजल्याची जमीन, त्यामुळे 'पाचवा स्लॅब झाला' असं डिमांड लेटर (बिल्डरचं पुढचे पैसे मागणारं पत्र) आलं तर पाचव्या मजल्याची जमीन तयार झालीय, छत नाही. मला एकदा असं लेटर आलं की स्लॅब पूर्ण, आणि फोटोत तर वर नुसतं सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा) आणि सळई दिसत होती, काँक्रीट पडलंच नव्हतं. फोटो तारखेसकट मेल केला, मग पंधरा दिवसांनी सुधारित लेटर आलं. बँक बिल्डरला कर्जाचा पुढचा हप्ता या लेटरवरच सोडते म्हणून हे बघायलाच हवं.

महाराष्ट्राच्या नमुना करारात कुठल्या टप्प्यापर्यंत बिल्डर एकूण किमतीच्या जास्तीत जास्त किती टक्के घेऊ शकतो ते दिलंय: करारानंतर ३० टक्के, जोतं झालं की ४५, सगळे स्लॅब झाले की ७०, भिंती, आतलं प्लास्टर, फरशी, दारं-खिडक्या झाल्या की ७५. आणि रजिस्टर्ड कराराच्या आधी १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत. स्लॅब संपेपर्यंत ७० टक्के गेलेले असू शकतात, आणि खरा वेळखाऊ भाग तिथनंच सुरू होतो, वीटकाम, गिलावा, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, लिफ्ट. तेव्हा बाहेरनं महिनोन्महिने काहीच बदललेलं दिसत नाही. घाबरू नका, पण साइटवर माणसं किती आहेत ते बघा, वाळू-विटांच्या गाड्या येतायत का बघा. वॉचमन आणि मुकादमाशी नीट, आदराने बोललात तर ऑफिसपेक्षा जास्त कळतं.

उन्हाळ्यात गेलात तर स्लॅबवर पाणी साठवायला छोटे बांध घालून आळी केलेली आहेत का, कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळलंय का तेही बघा, काँक्रीट पक्कं व्हायला निदान आठवडाभर तरी पाणी मारायलाच हवं, गरम कोरड्या हवेत अजून जास्त.

परदेशात असाल तर गुगल अर्थवर जुन्या तारखांची चित्रं बघता येतात. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात आणि साधारण पाच दिवसांनी नवीन येतं, पण त्यात एक ठिपका १० मीटरचा असतो, म्हणजे खोदाई सुरू झाली एवढं कळेल, मजले मोजता येणार नाहीत. त्यासाठी कुणा नातेवाइकालाच पाठवा.

शेवटी चावी घेण्याआधी भोगवटा प्रमाणपत्र (ओसी, राहायला जायची अधिकृत परवानगी) मागायचंच, संपूर्ण बिल्डिंगचं आहे की पार्ट, म्हणजे काही भागापुरतं, आणि त्यात तुमची विंग, तुमचा मजला आहे का हे वाचून.

आणि एक, प्लास्टरच्या आधी परवानगी काढून, हेल्मेट घालून आपल्या फ्लॅटमध्ये जाऊन याच. भिंतीत झिऱ्या (खाचा) मारून वायरचे आणि पाण्याचे पाइप टाकलेले असतात तेव्हा प्रत्येक भिंतीचा फोटो काढायचा, टेप धरून. परवा बायकोला पडद्याचा रॉड लावायचा होता, ड्रिल मारायच्या आधी तोच फोटो काढून बघितला, आणि जिथे खूण केली होती तिथनं बरोबर पाइप जात होता.