इस्पिक सगळ्यात मोठा? पत्ते खेळताना या चुका टाळा

इस्पिक सर्वांत वर, मग बदाम, मग चौकट आणि तळाला किलवर, हा क्रम बऱ्याच जणांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. क्रम खोटा नाही, पण तो ब्रिजच्या बोलीचा, म्हणजे किती हात करू हे आधी सांगण्याचा आहे. तोच उचलून प्रत्येक खेळाला लावला की भांडणं सुरू होतात.

मेंढीकोटात हे हमखास दिसतं. समजा हुकूम चौकट आहे. पहिल्याची उतारी किलवरची नव्वी, दुसऱ्याचा किलवरचा गुलाम. तिसऱ्याकडे किलवर नाही, म्हणून त्याने इस्पिकचा एक्का टाकला. चौथ्याची किलवरची तिर्री. हात कोणाचा? गुलामवाल्याचा. हुकूम पडला नसेल तर उतारीच्या रंगातलं मोठं पान जिंकतं. बाकी रंगांचे एक्केसुद्धा तिथे कचराच. मात्र हीच चार पानं 'कट हुकूम' पद्धतीत पडली आणि डावात रंग संपण्याची ही पहिलीच वेळ असेल, तर इस्पिकच हुकूम ठरतो आणि हात एक्क्याला जातो. म्हणून पानं वाटण्याआधीच हुकूम कसा ठरणार ते बोलून घ्या. अर्धी वादावादी तिथेच मिटते.

तीन पत्तीत दोघांकडे राजा-नव्वी-चव्वी निघाली की "माझा राजा इस्पिकचा" म्हणून पैसे ओढणारा एक तरी असतोच. सर्वसाधारण नियमात तिथे रंग बघत नाहीत. सगळी पानं बरोबरीची असतील तर ज्याने शो मागितला तो हरतो. पोकरमध्ये अशा वेळी पैसे सरळ वाटून घेतात. दोघांचाही फ्लश (सगळी पानं एकाच रंगाची) असला तरी बदामाचा की किलवरचा हा प्रश्नच नाही, वरचं पान कोणाचं मोठं ते बघायचं.

बदाम सातमध्ये बदामाचा मान फक्त सुरुवातीपुरता. सत्ती पडली की तोही इतर रंगांसारखाच.

आता ब्रिज. 'एक इस्पिक' बोलल्यावर 'एक बदाम' चालत नाही, दोनवर जावं लागतं. चौकट-किलवरला हातामागे 20 गुण, बदाम-इस्पिकला 30, आणि नो ट्रम्पला, म्हणजे हुकुमाविना खेळायच्या बोलीला, पहिल्या हाताचे 40, पुढे 30. गेमला, म्हणजे मोठा बोनस मिळायला, 100 लागतात, म्हणून किलवरमध्ये पाचची बोली लागते तिथे इस्पिकमध्ये चार पुरते आणि नो ट्रम्पमध्ये तीन. नवखे हा क्रम बोली संपल्यावरही डोक्यात ठेवतात आणि हुकूम बदाम असताना इस्पिकचा एक्का सुरक्षित समजतात. समोरच्याकडे इस्पिक नसेल तर बदामाची दुर्रीही तो मारते.

परदेशी खेळ शिकताना तर आपला क्रम गुंडाळूनच ठेवा. जर्मनीच्या स्काटमध्ये रंगांची मूळ किंमत चौकट 9, बदाम 10, इस्पिक 11 आणि किलवर 12, म्हणजे आपल्याकडचा तळाचा रंग तिथे डोक्यावर! हाँगकाँगकडच्या बिग टूमध्ये इस्पिक वर आहे, पण तळाला चौकट असते.

पहिल्यांदा कोण वाटणार हे पान ओढून ठरवताना दोघांना सत्ती आली, तर ब्रिजवाले इस्पिकची सत्ती मोठी धरतात. घरच्या खेळात हे मान्य नसेल, तर दोघांनी पुन्हा एकेक पान ओढावं.